वेदीखाली वेदी

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांना सनांचा फार लोभ असतो. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असता हा लोभ आम्हीही मनोभावे जोपासला होता. इ. स. ३१२, मिल्वियन पुलाजवळची लढाई व कॉन्स्टंटाइनचा विजय; ३१३, ख्रिस्ती धर्माला मोकळीक; ३८०, थिओडोसियस बादशहाचा हुकूम; ३९१, बलिदानांवर आणि देवळांतील पूजेवर बंदी. हे चार सन मुखोद्गत झाले की रोम ख्रिस्ती झाले! उत्तरपत्रिकेत एवढे उतरवले तर गुणही पुरेसे पडत. परंतु लक्षावधी वस्तीचे एक नगर, ज्याच्या प्रत्येक चौकात एखादा देव, प्रत्येक घरात कुलदेवतांचा कोनाडा आणि प्रत्येक महिन्यात चार-दोन उत्सव, ते चार सनांत आपला देव बदलते ते नेमके कसे, हा प्रश्न त्या वयात आम्हांस पडला नाही. तो पडावा लागतो, आणि त्यासाठी बहुधा पायऱ्या उतराव्या लागतात.

रोममध्ये कोलोसियमपासून हाकेच्या अंतरावर संत क्लेमेंट यांच्या नावाचे ख्रिस्तमंदिर आहे. जुबिलीच्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, आमच्या धर्मग्रामातील काही भाविकांसह आम्ही तेथे गेलो. यात्रेकरूंची गर्दी महामंदिरांकडे लोटत असते. त्यामानाने येथे निवांतपणा होता. बाहेरून पाहिले तर वास्तू साधीच. आत मात्र वेदीमागील अर्धगोल घुमटावर बाराव्या शतकातील सोनेरी मोझेइक झळकते. मध्ये क्रूस, क्रुसावर बारा शुभ्र कबुतरे, पायथ्याशी पाणी पिणारी हरणे. आणि त्याच क्रुसाच्या मुळाशी उगवून सबंध घुमटभर वळसे घेत पसरलेली वेल. त्या वळशावळशांतून एक सबंध संसार मांडलेला आहे. मेंढपाळ आहेत, विद्वान आहेत, कोंबड्यांना दाणे टाकणारी एक बाई आहे. ती आमच्या मंडळींना फार आवडली. आणि जरा निरखून पाहिले तर डॉल्फिन माशांवर स्वार झालेली, पंखांची उघडी पोरेही आहेत, जी जुन्या रोमन दिवाणखान्यांतून थेट येथे उतरलेली दिसतात. तारणाच्या वेलीवर त्यांना कोणी जागा दिली असेल ती दिली. काढून टाकावे असे मात्र कोणास वाटले नाही.

संत जेरोम यांनी सुमारे ३९२ साली आपल्या एका ग्रंथात, रोममधील एक ख्रिस्तमंदिर क्लेमेंट यांची स्मृती जतन करते, असे नमूद केले आहे. ते हेच मंदिर, असे शतकानुशतके सर्वांनी धरून चालले. १८५७ साली येथील आयरिश डोमिनिकन धर्मगुरू जोसेफ मलूली यांनी खणायला आरंभ केला, आणि पायांखाली दुसरे एक मंदिर निघाले. जेरोम यांचे मंदिर ते! चौथ्या शतकातील ती वास्तू जीर्ण झाल्यावर, १०८४ साली नॉर्मन सैन्याने रोम लुटून जाळल्यानंतरच्या काही दशकांत, तिच्यात भराव घालून वरती नवे मंदिर उभारले गेले आणि खालचे माणसांच्या स्मरणातूनच पुसले गेले. सुमारे साडेसातशे वर्षे लोक एका मंदिरात प्रार्थना करीत होते आणि स्वतःला दुसऱ्या मंदिरात समजत होते.

त्या खालच्या मंदिरात आज उतरता येते. येथेच ४१७ साली पोप झोसिमस यांनी पेलाजियसचा शिष्य सेलेस्टियस याची जबानी ऐकली. येथेच स्लाव लोकांचे प्रेषित संत सिरिल यांना ८६९ साली पुरण्यात आले. स्लाव राष्ट्रांनी लावलेल्या कृतज्ञतेच्या फरशा भिंतीवर दिसतात. ज्या काळी उपासनेला हिब्रू, ग्रीक व लॅटिन याखेरीज चौथी भाषा शोभत नाही असे म्हणणारे पंडित होते, त्या काळी सिरिल व त्यांचे बंधू मेथोडियस यांनी स्लाव भाषेतील उपासना-ग्रंथ रोमला आणून पोप एड्रियन दुसरे यांच्याकडून त्यांस मान्यता मिळवली. मराठीतून मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूने त्या थडग्यापाशी क्षणभर थांबणे एवढे तरी ऋण आहेच. जवळच एका भिंतीवर अकराव्या शतकाच्या अखेरचे एक चित्र आहे. सिसिन्निअस नावाचा कोपिष्ट सरदार क्लेमेंट यांना बांधून फरफटत न्यायला नोकरांना फर्मावतो, आणि नोकर चमत्काराने भ्रमिष्ट होऊन एक दगडी खांबच ओढू लागतात. संतांच्या तोंडी लॅटिन आहे. सरदार मात्र नोकरांना बोलीभाषेत सणसणीत शिवी हासडतो, आणि ती शिवी चित्रात लिहिलेली आहे! इटालियन लोकभाषेच्या अगदी आरंभीच्या लेखी नमुन्यांत तिची गणना होते. मंदिराच्या भिंतीवर हे चालले कसे, असे आमच्या सोबतच्या एका गृहस्थांनी विचारले. आम्हांस उत्तर सुचले नाही. हसू मात्र आले.

याच्याही खाली जाता येते. हवा दमट होत जाते, विटांच्या भिंती अंगाशी येतात आणि कोठून तरी वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. हे पाणी भूमिगत झऱ्यांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी एक बोगदा खणून ते वळवले गेले तेव्हा कुठे हा तळ कोरडा राहू लागला. या पातळीवर आपण पहिल्या-दुसऱ्या शतकातील रोममध्ये उभे असतो. एका बाजूला प्रचंड दगडी चिऱ्यांची मोठी इमारत, बहुधा कोठार किंवा टांकसाळ. दुसऱ्या बाजूला विटांचे घर. आणि मध्ये एक बोळ, इतका अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीस पाठ लावावी लागेल. त्या विटांच्या घराच्या अंगणवजा भागात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या आरंभी, मिथ्रदेवाच्या उपासकांनी आपले मंदिर थाटले. छत मुद्दाम गुहेसारखे कमानदार. दोन्ही अंगांना बसण्याचे दगडी ओटे. आणि मध्ये वेदी, तिच्यावर बैलाचा वध करणारा तरुण मिथ्र कोरलेला.

हा मिथ्र आपणांस अगदीच परका नाही. नाव इराणातून रोमपर्यंत पोहोचलेले, आणि आपल्या वैदिक मित्र देवतेशी त्याचे शब्दकुळाचे नाते. रोमन मिथ्रपंथात स्त्रियांना प्रवेश नव्हता. सैनिक, कारकून, मुक्त झालेले गुलाम असे पुरुष ओट्यांवर बसून एकत्र जेवत. आणि येथे आपल्या पूर्वजांची पंचाईत होती. सुमारे १५५ साली रोममध्येच लिहिताना संत जस्टिन यांनी तक्रार केली आहे की मिथ्राच्या दीक्षाविधीतही भाकर आणि पाण्याचा प्याला पुढे ठेवून मंत्र म्हणतात, आणि ही आपल्या प्रभुभोजनाची सैतानाने केलेली नक्कल होय. जस्टिन यांच्या रागामागचे कारण आम्हांस समजते. अगदी निराळ्या माणसाचा राग येत नाही, शेजाऱ्याचा येतो. एका नगरात, एकाच तऱ्हेच्या घरांत, एकाच तऱ्हेच्या ओट्यांवर बसून दोन मंडळ्या भाकर मोडीत होत्या आणि दोघीही मृत्यूपलीकडच्या जीवनाची आशा धरून होत्या.

त्या वेदीपाशी आमच्यासोबतच्या एका वयोवृद्ध मावशी कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारले, "फादर, मग ही माणसं गेली कुठं?"

"वर गेली, मावशी," आम्ही म्हणालो.

त्यांना वाटले आम्ही स्वर्गाविषयी बोलत आहोत, आणि त्यांनी क्रुसाची खूण केली. आमचा अर्थ साधा होता. माणसे कोठे जाणार? काही मिथ्राशी एकनिष्ठ राहून मेली असतील. परंतु त्यांची मुले, नातवंडे जिना चढून वरच्या मंदिरात बसू लागली. चौथ्या शतकाच्या अखेरीस वरच्या मंदिराचा वेदीकडील अर्धगोल याच गुहेवर वाढवण्यात आला, आणि तिच्यावर पडदा पडला.

कॉन्स्टंटाइनने रोममध्ये भव्य ख्रिस्तमंदिरे बांधली हे खरे. पण ती कोठे बांधली ते नकाशावर पाहावे. लॅटरनचे महामंदिर नगराच्या कडेला, त्याने बरखास्त केलेल्या घोडदळाच्या छावणीवर. संत पेत्राचे मंदिर नदीपलीकडे, व्हॅटिकनच्या दफनभूमीवर. नगराचे हृदय म्हणजे फोरम. तेथील देवळे त्याने शाबूत ठेवली. फोरमच्या कडेला पहिले ख्रिस्तमंदिर उघडले ते संत कॉस्मस व डेमियन यांचे, पोप फेलिक्स चौथे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे ५२६ ते ५३० या काळात; आणि तेही एका सरकारी सभागृहात. रोममधील एखादे देऊळ ख्रिस्तमंदिर झाले त्याला ६०९ साल उजाडावे लागले. ३१३ ते ६०९ म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे. वसईच्या किल्ल्यावरून पोर्तुगीज निशाण उतरले १७३९ साली. तेव्हापासून आजवर जेवढा काळ लोटला त्याहूनही हा काळ किंचित अधिकच भरतो. आमच्या पाठ्यपुस्तकात तो दीड पानांत उरकला होता.

त्या दीड पानांत जे मावले नाही ते जेरोम यांच्या एका पत्रात सापडते. सुमारे ४०३ साली, बेथलेहेमहून, त्यांनी रोममधील लाएता नावाच्या स्त्रीला आपल्या लहानग्या मुलीचे संगोपन कसे करावे याविषयी लिहिले. लाएता ख्रिस्ती, तिची आई ख्रिस्ती, पती ख्रिस्ती. वडील अल्बिनस मात्र रोमच्या जुन्या धर्माचे पुरोहित, मोठ्या घराण्यातले आणि विद्वान. जेरोम यांची लेखणी किती तिखट हे ज्यांनी त्यांना वाचले आहे ते जाणतात. विरोधकांची त्यांनी कधी गय केली नाही. परंतु येथे ती लेखणी मऊ होते. छोटी पावला आजोबांच्या मांडीवर बसून बोबड्या बोलांत आलेलुया म्हणते आणि तो वृद्ध पुरोहित ते कौतुकाने ऐकतो, असे चित्र ते रेखाटतात. आणि आईला सुचवतात की नातीने आजोबांना पाहताच त्यांच्याकडे धाव घ्यावी, गळ्यात पडावे, त्यांना नको असले तरी आलेलुया म्हणून दाखवावे. तर्कशास्त्राने जे साधले नाही ते या मांडीवर साधेल अशी त्यांची आशा.

रोम ख्रिस्ती कसे झाले याचे आम्हांस सापडलेले सर्वांत खरे उत्तर हे. पुलावरच्या लढाईपेक्षा ही मांडी अधिक महत्त्वाची. एकाच घरात मावशी कुमारी-व्रत घेते, आजोबा देवळात धूप जाळतात, सून उपवास करते, मुलगा अजून काहीच ठरवीत नाही, आणि सगळे एका पंगतीला बसतात. असे तीन-चार पिढ्या चालले.

परंतु त्याच पत्रात, थोड्याच ओळींच्या अंतरावर, दुसरेही एक चित्र आहे आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लाएताचा एक नातलग ग्राकस ३७६-७७ च्या सुमारास नगराचा प्रिफेक्ट होता. त्याने मिथ्राची एक गुहा उद्ध्वस्त केली, तेथील मूर्ती फोडल्या, आणि जणू हे ओलीस पुढे धाडून मग स्नानसंस्कार घेतला. जेरोम हे अभिमानाने सांगतात. आव्हेंटाइन टेकडीवर संत प्रिस्का यांच्या मंदिराखाली अशीच एक मिथ्रगुहा विसाव्या शतकात खणून काढण्यात आली. तिच्या भिंतीवरील चित्रांवर कुऱ्हाडीचे घाव आहेत. ते सुमारे ४०० सालचे, म्हणजे छोटी पावला आजोबांच्या मांडीवर बसत होती त्याच दिवसांतले. ज्यांच्या हाती त्या कुऱ्हाडी होत्या ते बहुधा आपल्याच पंगतीतले होते. आणि कुऱ्हाडी केवळ परक्या देवांवर चालल्या असेही नाही. ३६६ साली पोपपदासाठी दामासस व उर्सिनस यांचे अनुयायी एकमेकांना भिडले तेव्हा एका मंदिरात एका दिवसात १३७ प्रेते मोजली गेली, असे अम्मिआनस मार्सेलिनस या तत्कालीन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तो तंटा अखेर मिटवला कोणी? प्रिटेक्स्टाटस या प्रिफेक्टने, जो स्वतः जुन्या देवांचा निस्सीम भक्त! हाच गृहस्थ दामासस यांना थट्टेने म्हणत असे की मला रोमचा बिशप करा, मी लगेच ख्रिस्ती होतो. जेरोम यांनी ही थट्टा नोंदवली आहे. ती वाचून आम्हांस हसू येत नाही, कारण तीत टोचण्यासारखे काही आहे.

३८४ साली सिम्माकस या दुसऱ्या प्रिफेक्टने बादशहाकडे अर्ज केला की सिनेटच्या सभागृहातून हलवलेली विजयदेवीची वेदी पुन्हा बसवावी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की इतक्या थोर गूढापर्यंत पोहोचण्याची वाट एकच असावी असे नाही. मिलानचे बिशप अम्ब्रोज यांनी त्याचा प्रतिवाद केला आणि अर्ज फेटाळला गेला. सेमिनरीत आम्ही अर्थातच अम्ब्रोज यांच्या बाजूचे होतो. ख्रिस्त हा अनेक वाटांपैकी एक, असे आजही आम्ही म्हणणार नाही. पण आज अर्ज वाचताना त्यातील सभ्यता जाणवते. एका हरत चाललेल्या माणसाची ती सभ्यता आहे. आपल्या लोकांनी जेव्हा अल्पसंख्य म्हणून राज्यकर्त्यांपुढे अर्ज ठेवले तेव्हा त्यांचाही सूर यापेक्षा वेगळा नव्हता. आणि परमेश्वराची योजना पाहा: त्याच वर्षी मिलानला वक्तृत्वाचा शिक्षक हवा होता, तेव्हा याच सिम्माकसने एका आफ्रिकन तरुणाची निवड करून त्याला तेथे धाडले. त्या तरुणाचे नाव ऑगस्टीन. तीन वर्षांनी अम्ब्रोज यांनी त्याला स्नानसंस्कार दिला.

दरवर्षी नाताळाच्या सुमारास कोणीतरी तरुण आम्हांस विचारतो, "फादर, पंचवीस डिसेंबर हा मुळात सूर्याचा सण होता ना?" प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा धर्मगुरूला पेचात पकडल्याचा आनंद असतो. त्याला आम्ही ३५४ सालच्या एका पंचांगाची गोष्ट सांगतो. फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने व्हॅलेंटाइनस नावाच्या श्रीमंत रोमन ख्रिस्ती माणसाकरिता ते सिद्ध केले. त्यात जुन्या देवांचे सण आहेत, ग्रह-राशी आहेत, आणि रोमच्या बिशपांची व रक्तसाक्ष्यांची यादीही आहे. २५ डिसेंबरला एका पानावर अजिंक्याचा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिन, आणि दुसऱ्या पानावर बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म. रोममध्ये त्या तारखेला दोन्ही सण होते याचा जुन्यातला जुना खात्रीचा पुरावा म्हणजे हे एकच पुस्तक. कोणी कोणाकडून तारीख घेतली यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. आम्हांस लोभ वाटतो तो त्या व्हॅलेंटाइनसचा, ज्याच्या मेजावर ही दोन्ही पाने एकाच बांधणीत पडून होती. त्याचे सुलेखन करणारा फिलोकॅलस पुढे पोप दामासस यांच्याकरिता रक्तसाक्ष्यांच्या थडग्यांवर संगमरवरी लेख कोरू लागला. हात तोच, अक्षर तसेच सुबक.

याच्या शंभर वर्षांनंतरही, पाचव्या शतकाच्या मध्यास, पोप लिओ थोरले यांना नाताळाच्या प्रवचनात भाविकांची कानउघाडणी करावी लागली. संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून वर आले की ही मंडळी मागे वळत आणि उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करीत. आणि मग आत जात! लिओ यांना ते अजिबात रुचले नाही. आम्ही त्यांच्या जागी असतो तर आम्हीही बोललो असतो. तरीही त्या पायऱ्यांवरच्या माणसांविषयी आमच्या मनात कोठेतरी माया आहे. आजोबा जे करीत ते त्यांच्या पाठीच्या कण्यात होते, एवढेच.

कण्यात असलेल्या या गोष्टींचे काय करावे, याचे एक उत्तर पोप ग्रेगरी थोरले यांनी दिले. पोप होण्यापूर्वी तेही रोमचे प्रिफेक्ट होते, म्हणजे ग्राकस, प्रिटेक्स्टाटस आणि सिम्माकस ज्या खुर्चीवर बसले त्याच खुर्चीवर. ६०१ च्या जून महिन्यात त्यांनी इंग्लंडमधील केंटचा राजा एथेलबर्ट याला लिहिले की मूर्तिपूजेची स्थाने पाडून टाक. पुढच्याच महिन्यात, त्याच मोहिमेवर निघालेल्या मेलिटस या मठाध्यक्षाला त्यांनी कळवले की आपण बराच विचार केला आहे. देवळे पाडू नयेत. मूर्ती काढाव्यात, पवित्र पाणी शिंपडावे, वेदी उभारावी, म्हणजे लोक आपल्या ओळखीच्या जागी खऱ्या देवाकडे येतील. आणि त्यांना सणाच्या दिवशी मांडव घालून जेवणावळीही करू द्याव्यात. महिन्याभरात पोपमहाशयांचे मत पालटले! त्यांच्या थोरवीच्या पुष्कळ गोष्टी आम्हांस शिकवण्यात आल्या; आमच्या मते हे पालटणे त्यांत वरच्या पायरीचे.

आठ वर्षांनी, ६०९ साली, पोप बोनिफास चौथे यांनी फोकास बादशहाच्या अनुमतीने पँथिऑनचे अभिषेक-समर्पण पवित्र मरिया व सर्व रक्तसाक्षी यांना केले. ती वास्तू आज डौलाने उभी आहे ती त्यामुळेच. इतर देवळांचा संगमरवर मध्ययुगात भट्ट्यांत जळून चुना झाला. (पँथिऑनच्या ओसरीचे कांस्य सतराव्या शतकात काढून वितळवले, ते मात्र एका पोपनेच, अर्बन आठवे यांनी. सर्वच पोप ग्रेगरी नसतात.)

आता आपल्या अंगणाकडे वळावे लागेल. ते टाळून रोमविषयी बोलत राहणे सोपे असते. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत. शैव लेणी, पुरातन. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्यांत ख्रिस्तमंदिर केले आणि वरती मठ बांधला. मठाचे भग्नावशेष उभे आहेत; लेण्यात एका शिल्पपटावर कोरलेला क्रूस आजही दिसतो; आणि तेथे आता पुन्हा शिवपूजा होते. रोमला तीन मजले एकाखाली एक आहेत. येथे ते एकाच भिंतीत आहेत. तो क्रूस पाहताना आमचे मन द्विधा होते. क्रूस आमचा आहे आणि त्याला आम्ही मस्तक नमवतो. परंतु ज्या छिन्नीने तो कोरला तिच्याखाली कोणाचे तरी शिल्प गेले, हेही त्याच दगडावर लिहिलेले आहे. ती छिन्नी ग्रेगरींच्या दुसऱ्या पत्राची म्हणावी की संत प्रिस्काच्या भिंतीवरील कुऱ्हाडीची, याचा निवाडा करताना आपले मन आपल्याच बाजूने झुकते हे ध्यानात ठेवावे.

आणि तरी सर्व काही छिन्नीने झाले नाही. आमच्याकडील जुनी माणसे चर्चला आजही देऊळ म्हणतात. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत जाणाऱ्या आमच्या बायका कोणत्या शतकातील पायरीवर चालत असतात? फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात येशूची कथा ओवीत बसवली ती काही शोभेसाठी नव्हे. ऐकणाऱ्यांच्या कानांत ओवीच होती. हे सारे पुसले पाहिजे असे म्हणणारे उत्साही भाविक अधूनमधून आम्हांस भेटतात. त्यांना आम्ही एका पोपची हकीकत ऐकवतो. संत क्लेमेंट यांच्या मंदिरात सहाव्या शतकाच्या आरंभी एक धर्मगुरू होता, त्याचे नाव मर्क्युरिअस. देवांच्या जासुदाचे हे नाव. कॉन्स्टंटाइनला जाऊन दोनशे वर्षे होत आली होती, तरी हा मर्क्युरिअस वेदीवर मिस्सा अर्पण करीत होता आणि त्यात कोणास वावगे वाटत नव्हते. ५३३ साली तो पोप निवडला गेला, तेव्हा मात्र हे नाव शोभणार नाही असे वाटून त्याने योहान हे नाव घेतले. पोपपदावर येताना नाव बदलण्याच्या प्रथेचा आरंभ तो. त्याच्या नावाची एकाक्षरी मुद्रा असलेल्या संगमरवरी फरशा खालच्या मंदिरातून काढून वर आणल्या गेल्या, आणि आजही गायकवृंदाच्या कठड्यास त्या बसवलेल्या आहेत.

रोमहून परतल्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्याकडे एका बालिकेचा स्नानसंस्कार होता. आई आमच्या धर्मग्रामातली, वडील हिंदू. लग्न बिशपांच्या रीतसर परवानगीने झालेले. वडिलांचे वडील देशावरून आले होते. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ. ते दाराशी थांबले आणि त्यांनी विचारले, "महाराज, मी आत आलो तर चालेल ना?" आम्ही त्यांना पहिल्या बाकावर बसवले. पाणी ओतताच बाळाने टाहो फोडला. धर्मपित्याने समजावले, धर्ममातेने समजावले, पण ते थांबेना. मग आजोबांनी हात पुढे केले, आणि तेथे ते गप्प झाले. मिस्सेच्या अखेरपर्यंत ते तेथेच होते, आजोबांच्या माळेचा एक मणी मुठीत धरून. संध्याकाळी आम्ही कचेरीत नोंदवही उघडली. बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, धर्मपिता, धर्ममाता, संस्कार देणारा धर्मगुरू. आम्ही सर्व रकाने भरले आणि आजोबांसाठी एखादा आहे का, ते पान उलटून पाहिले.